गुडघ्यावरची सूज

गुडघे टेकून दिवसभर फरशी बसवणाऱ्या कारागिराच्या गुडघ्याच्या वाटीवर लिंबाएवढी मऊ सूज येते आणि घरातले म्हणतात, ‘संधिवात झाला.’ बहुतेकदा तो संधिवात नसतो. वाटी आणि कातडी यांच्यामध्ये घर्षण कमी करणारी पातळ पिशवी असते, तिला बर्सा म्हणतात. शरीरात अशा १५०च्या आसपास पिशव्या आहेत. सततच्या दाबाने ती सुजते, तो बर्सायटिस.

डॉक्टर आधी हाताने तपासतात. सूज वाटीच्या पुढे असून गुडघा बऱ्यापैकी वाकत असेल, तर सांधा सहसा शाबूत असतो.

खरी काळजी जंतुसंसर्गाची. खरचटलेल्या त्वचेतून जंतू आत शिरतात, बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. गुडघा लाल, गरम झाला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सुईने पाणी काढून तपासले की जंतू सापडतात, कधी गाऊटचे स्फटिकही. संसर्गाला अँटिबायोटिक लागते. तो नाही याची खात्री होईपर्यंत स्टेरॉइडचे इंजेक्शन टाळतात.

साध्या सुजेला विश्रांती, कापडात गुंडाळून १५-२० मिनिटे बर्फ आणि वेदनाशामक गोळी बहुधा पुरते. मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असेल, तर गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. कामावर परतताना मात्र जाड नी-पॅड हवेतच, आणि ठेकेदाराने ते सिमेंट-वाळूबरोबरच आणून द्यावेत.