पण फरक किती?

(आदिलाबाद येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांचा १९२५ चा ग्रंथ आणि त्यापासून संशोधकांत रूढ झालेली विसांत एकाची मर्यादा आपणांस ठाऊकच असल्यामुळे तो इतिहास मी ओलांडून जातो. एवढेच ध्यानात असू द्या, की औषध निखालस निरुपयोगी असतानाही केवळ यदृच्छेने चाचणीत आढळला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, म्हणजेच पी-मूल्य, शेकडा पाचाखाली आली, म्हणजे त्या फरकास ‘संख्याशास्त्रीय दृष्ट्या सार्थ’ अशी सनद मिळते. परंतु दिवाणी दावा जिंकला एवढ्यावरून पदरात पाच एकर पडले की पाच गुंठे हे कळत नाही; आणि रुग्णांची संख्या पुरेशी वाढवली, तर गुंठ्याचा दावाही बहुधा जिंकता येतो! म्हणून माझा जुना हट्ट असा, की सनद मागाहून दाखवा, आधी फरक किती ते सांगा.

स्वादुपिंडाच्या कर्करोगात जेमसायटाबिनच्या जोडीस एर्लोटिनिब देऊन पाहिल्याची ५६९ रुग्णांवरील चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. आयुष्याचा मध्यांक ५.९१ महिन्यांवरून ६.२४ महिन्यांवर गेला, पी-मूल्य ०.०३८ निघाले, म्हणजे सनद पक्की. आणि फरक म्हणाल, तर दहा दिवस.

पैनगंगेकाठच्या एका गावचा मुलगा वडिलांच्या याच आजाराचे कागद घेऊन माझ्याकडे आला होता. नुकताच यार्डात कापूस घालून आलेला, सदऱ्याला कापसाचे तंतू तसेच चिकटलेले, आणि हातात विक्रीची पट्टी. ती कागदांच्या शेजारी ठेवून त्याने हे औषध आणू का, असे विचारले. मी सारा हिशेब मांडला. पट्टीवरची रक्कम बोटाने दाखवीत तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, हे पैशे बहिणीच्या लग्नाचे होत. दहाच दिवस वाढत असन, तं लगनच अलीकडे घेतो ना. बापाच्या डोयासमोर होऊन जाईन.” आणि त्याने पट्टी घडी करून खिशात टाकली.

पुढच्या रांगेतील माझे तरुण व्यवसायबंधू अस्वस्थ दिसतात. त्यांची हरकत मी जाणतो: मध्यांक म्हणजे प्रत्येकाचे दहा दिवस नव्हेत, आणि वर्ष गाठणारे शेकडा १७ चे २३ झाले होते. अगदी मान्य, तोही आकडा मी त्या मुलापुढे ठेवला होता, त्यासोबत अंगावर उठणारे पुरळ आणि जुलाबही सांगितले होते. माझे भांडण आकड्याशी नाही, आकडा गिळून नुसते ‘सार्थ’ म्हणणाऱ्यांशी आहे!

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दोन मिनिटे उरली म्हणतात. वक्त्याला दोन मिनिटांचाही फरक फार सार्थ वाटतो. (हशा)

तेव्हा खऱ्या मोठ्या फरकाचे उदाहरण म्हणून प्राणहितेपलीकडची, आपल्या जुन्या जिल्ह्याच्या शिवेवरची गडचिरोली घाईनेच सांगतो. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावच्याच स्त्रियांस नवजात बालकाचे वजन करणे, त्यास उबेत ठेवणे, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनची सुई देणे शिकवले. हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर २५.५ वर उतरला. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत तो साठाच्या आसपासच राहिला. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापले गेले तेव्हा पी-मूल्य ०.००१ हूनही कमी होते; पण ढोबळ मानाने तीस बालकांमागे एक जीव, हा हिशेब कोष्टकावाचूनही कोणास समजेल.

रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी बोलायचे राहिलेच. ते प्रश्नोत्तरांत घेऊ. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी मागच्या दाराशी बसले आहेत, त्यांनी तेवढे थांबण्याची मेहेरबानी करावी.