मातीच्या भिंतीची चूक
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आमच्या मातीच्या घराच्या ओटीवर तुमच्यापैकी अनेकांनी पन्हं घेतलंय. त्या घराबाबत माझ्याकडून झालेली चूक आज सांगतो.

वडील गेल्यावर दरवर्षी भिंती लिंपायला माणूस मिळेना. मी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. दोन पावसाळ्यांत भिंत फुगली, आतली माती भुसभुशीत झाली. मातीची भिंत ओल घेते आणि उन्हात सोडतेही. ती सोडायची वाटच मी बंद केली होती.

गिलावा उतरवला. वाडीतल्या वयस्कर गवंडीकाकांनी शिकवलं: माती चाळायची, भाताचा पेंढा तोडून घालायचा, पायांनी तुडवायची, काही दिवस मुरू द्यायची. एक थर सुकल्यावरच दुसरा. आपल्या पावसात भिंत राखतात ते चिऱ्याचं उंच जोतं, पुढे आलेलं छप्पर आणि पावसाळ्यात बांधलेली झापं.

1936 साली गांधीजींनी वर्ध्याजवळच्या शेगावात घर बांधताना अट घातली होती: साहित्य जवळपासचं, खर्च पाचशे रुपयांच्या आत. ते आदिनिवास सेवाग्रामात आजही उभं आहे, कारण त्याची निगा राखली जाते. मातीचं घर दरवर्षी माणूस मागतं, एवढाच त्याचा दोष.

काका आता थकलेत. त्यांच्या हातचं शिकलेला वाडीत मी एकटाच. येत्या मे महिन्यात मागची भिंत लिंपायची आहे. मुलांना घेऊन या. पन्हं आहेच, या वेळी आधी माती तुडवायची!