उपकारक जंतू, अपकारक जंतू



जंतू म्हटले की आपणांस रोगच आठवतो. ही समजूत अर्धीच खरी आहे. रात्री लावलेल्या विरजणाने सकाळी दही होते, सुरेने सान्नांचे पीठ फुगते, ही कामे सूक्ष्मजीवच करतात. दह्यातील जिवाणू दुधातील साखरेचे आम्ल बनवितात आणि त्या आम्लात पुष्कळ अपायकारक जंतूंची वाढ खुंटते.

मनुष्याच्या आतड्यांतही अशा असंख्य जिवाणूंची वस्ती असते. धान्य व भाजीपाल्यातील चोथा ते पचवितात, 'के' जीवनसत्त्व तयार करतात. त्यांनी जागा अडवून धरलेली असल्यामुळे बाहेरून आलेल्या रोगजंतूंना तेथे सहजासहजी बस्तान बसविता येत नाही. शरीराच्या संरक्षक पेशींना आपला कोण व परका कोण हे ओळखण्याचे वळणही बऱ्याच अंशी त्यांच्या सहवासात लागते. आईच्या दुधावर अर्भकाच्या पोटात हितकारक जंतू वाढतात. तिचे पहिले चिकाचे दूध तर रोगप्रतिकारक द्रव्यांनी समृद्ध असते. ते टाकून देण्याची चाल कोठे उरली असेल तर ती बंद व्हावयास हवी.

आता अपकारक जंतूंकडे वळू. पेडणे व डिचोली तालुक्यांतील कष्टकऱ्यांनी विशेषतः दोन तापांपासून जपले पाहिजे. पहिला पावसाळ्यातला, लेप्टोस्पायरोसिस. उंदीर-घुशींच्या मूत्रावाटे त्याचे जिवाणू शेतातील पाण्यात उतरतात व पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतात. दुसरा काजूच्या हंगामातला, माकडताप. 1957 साली कर्नाटकातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा विषाणू 2015 साली सत्तरी तालुक्यात आढळला. 2016 मध्ये डिचोलीस लागून असलेल्या दोडामार्ग तालुक्यात व 2017 मध्ये पत्रादेवीपलीकडील बांदा परिसरात त्याने माणसे दगावली. तो गोचिडीच्या दंशातून येतो. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी आसपास पसरतात. म्हणून मेलेल्या माकडास हात न लावता वनखात्यास अथवा आरोग्य केंद्रास ताबडतोब कळवावे. रानातून परतल्यावर गरम पाण्याने व साबणाने स्नान करून कपडेही धुवावेत.

या दोन्ही तापांचा आरंभ सारखाच असतो: एकाएकी ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणे. उपचार मात्र निराळे. लेप्टोचा जंतू जिवाणू असल्याने वेळेवर दिलेल्या प्रतिजैविक औषधाने रोगी बचावतो. माकडतापाच्या विषाणूवर त्या औषधाचा काहीच परिणाम होत नाही. तेथे रुग्णालयातील देखरेख व शुश्रूषा हाच आधार.

आपल्याकडे मात्र ताप आला की मागील दुखण्यातून उरलेल्या गोळ्या शोधल्या जातात, शेजाऱ्याकडूनही आणल्या जातात! त्यांनी विषाणू मरत नाही, आतड्यांतील हितकारक जंतू तेवढे मरतात, आणि अपुऱ्या मात्रेतून तगलेले रोगजंतू पुढे त्याच औषधाला दाद देईनासे होतात. शिवाय दोनतीन मोलाचे दिवस वाया जातात ते निराळेच. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिले तर ते सांगितले तितके दिवस घ्यावे, आणि न दिल्यास त्यासाठी हट्ट धरू नये.

आरोग्य केंद्रात गेल्यावर रोगी गेल्या पंधरवड्यात भातशेतात उतरला होता की काजूच्या बागेत गेला होता, हे आपण होऊन सांगावे. रक्ताची कोणती तपासणी करावयाची, हे डॉक्टरांना त्यावरून ठरविता येते.