पडदा आपल्या वस्तीत उभा राहिला पाहिजे
(अकोला येथे चित्रपट काढू इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींपुढे केलेले भाषण)



१३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तिच्यापुढे होता आणि अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ज्या नाट्यगृहात एरवी दुसऱ्यांच्या कथा रंगत, तेथे त्या दिवशी आपल्या माणसांनी आपली व्यथा आपल्या तोंडाने सांगितली. आज तुम्हास कॅमेऱ्याच्या साह्याने तेच करावयाचे आहे. हेतू चांगला आहे. परंतु केवळ हेतूवर कार्य तडीस जात नाही.

त्याच वर्षी बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. त्याचे रकानेच्या रकाने त्यांनी एकट्याने लिहून काढले. तरीही १९२९ साली ते पत्र बंद पडले. का? लेखणी थकली म्हणून नव्हे, तर पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत म्हणून. चित्रपटाचेही असेच आहे. तो काढणे हे अर्धेच काम. तो लोकांपर्यंत नेणे हे उरलेले आणि अधिक कठीण काम होय.

तुमच्यापैकी एका तरुणाने मला सांगितले की, वडिलांची दोन एकर कोरडवाहू जमीन गहाण टाकून तो चित्रपट काढणार आहे. मी त्यास स्पष्ट सांगतो : असे करू नकोस. दादासाहेब फाळके यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवली, सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, ही गोष्ट खरी. परंतु यशस्वी झालेल्याचे नाव इतिहासात राहते. बुडालेल्यांची यादी कोणी ठेवीत नाही. ज्या घरात पहिल्यांदाच सात-बाराच्या उताऱ्यावर आपले नाव लागले, त्या घराने ते कलेच्या नावाखाली सावकाराच्या हाती देऊ नये.

मग पैसा कोठून आणावयाचा? ज्यांना चित्रपट पाहावयाचा आहे त्यांच्याकडून. १९७६ चा ‘मंथन’ गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांच्या प्रत्येकी २ रुपयांतून उभा राहिला आणि मग तेच शेतकरी तो पाहावयास लोटले. केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या ‘ओडेसा’ मंडळाने गावोगाव चॅप्लिनचा चित्रपट दाखवून लोकांकडून पैसा गोळा केला व १९८६ साली ‘अम्मा अरियन’ पुरा केला. आपल्या मालेगावचे नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवीत. आपल्या प्रेक्षकास काय रुचते हे त्यांना ठाऊक होते; म्हणूनच बैलगाडीची क्रेन आणि सायकलीची ट्रॉली करून काढलेले त्यांचे चित्रपट गावाने डोक्यावर घेतले.

एके काळी चित्रपटाच्या धंद्यात आपला मुलूख ‘सी. पी. बेरार’ या क्षेत्रात मोडे. अमरावती आणि भुसावळ येथील वितरकांच्या कचेऱ्यांतून चित्रपटाच्या पेट्या गावोगाव जात. आता पेट्या गेल्या; परंतु कोणता चित्रपट कोठे व कोणत्या वेळी लागावा हे ठरविणारा हात अजूनही आपला नाही. तेव्हा आपली वाट आपणच पाडली पाहिजे.

आनंद पटवर्धन यांनी ‘जय भीम कॉम्रेड’साठी १४ वर्षे खर्ची घातली. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार होऊन १० जण मेले. त्या दुःखातून निघालेला हा चित्रपट २०११ साली पुरा झाला आणि वस्त्यावस्त्यांतून दाखविला गेला. ज्यांची कथा, त्यांच्या अंगणात पडदा, हाच खरा न्याय होय.

वर्षावासात आपल्या विहारांत संध्याकाळी ग्रंथवाचनास माणसे जमतात. हा आपला तयार प्रेक्षकवर्ग आहे. समजा, वीस वस्त्या ठरविल्या आणि प्रत्येक वस्तीत शंभर माणसांनी दहा-दहा रुपये दिले, तर वीस हजार होतात. तेवढ्यातच बसेल असा वीस-पंचवीस मिनिटांचा चित्रपट आधी काढा. कॅमेरा मोबाईलचा चालेल. आवाज मात्र स्वच्छ हवा, कारण संवाद कळला नाही तर म्हातारी माणसे उठून जातात. सार्वजनिक प्रदर्शनासाठी १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र लागते; त्याचा खर्च आणि वेळ आधीच हिशेबात धरा.

आणखी दोन गोष्टी. जमा-खर्चाचा कागद प्रत्येक वस्तीत मोठ्याने वाचून दाखवा. पैशाचा संशय एकदा शिरला की दुसरा चित्रपट निघत नाही. आणि ज्या आईचे दुःख तुम्ही टिपले, तिला तो चित्रपट सर्वांच्या आधी दाखवा. तिने “हे काढून टाक बाबा” म्हटले, तर ते काढून टाका. आजवर इतरांनी आपणास न विचारता आपली चित्रे काढली. तोच अपराध आपल्या हातून घडू नये.

ज्या तरुणाने जमिनीची गोष्ट काढली, त्यास माझे शेवटचे सांगणे : तुझ्या बापाची जमीन बापाकडेच राहू दे. तू वीस वस्त्यांची यादी घेऊन ये. पहिले दहा रुपये माझे.

जय भीम!