धूर उंबऱ्याच्या आतला

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



'घरगुती' आणि 'सार्वजनिक' या दोन शब्दांशी आपलं भांडण जुनं आहे. आज धूम्रपानबंदीच्या निमित्ताने ते पुन्हा उकरून काढते.

सार्वजनिक ठिकाणी विडी-सिगारेट ओढणं म्हणजे दुसऱ्याच्या जगण्याच्या हक्कावर घाला, असं केरळ उच्च न्यायालयाने १९९९ साली म्हटलं. मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये देशभर बंदीचा आदेश दिला. २००३ मध्ये कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून कडक नियम आले. कचेरी, हॉटेल, एसटी, कारखाना, कुठेही ओढलं तर दोनशे रुपयांपर्यंत दंड. चांगलंच झालं. पूर्वी शेजारच्याने विडी पेटवली की आपण नाकाला पदर लावून खिडकीकडे तोंड करायचो. आता निदान 'विझवा' म्हणता येतं. (दंडाची पावती फाडलेली मी अजून पाहिलेली नाही, ते सोडा.)

आमच्या वस्तीतल्या एका दमेकरी बाईने स्टँडवर एका माणसाला विडी विझवायला लावली. बैठकीत हसत हसत सांगत होती. मी विचारलं, "आणि घरी?" ती गप्प झाली. दहा बाय दहाची खोली, नवरा रात्री खाटेवर बसून ओढतो, पावसाळ्यात दार बंद. म्हणाली, "ताई, तिथं कुठला बोर्ड लावू?"

२०१६-१७ च्या सरकारी पाहणीत शंभरातल्या सुमारे ३९ प्रौढांनी घरात दुसऱ्याचा धूर सोसत असल्याचं सांगितलं. कायदा त्यांच्या दारापर्यंत येऊन थांबतो.

आणखी एक. कारखाना 'सार्वजनिक' ठरला. पण सोलापूर-सिन्नरकडे घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईचं घर हाच तिचा कारखाना. मांडीवर सूप, शेजारी तान्हं मूल, नाकातोंडात तंबाखूची धूळ. या धुळीबद्दल बंदीचा कायदा काही बोलत नाही. उद्या विडी खपेनाशी झाली तर तिच्या मजुरीचं काय, हे न विचारता बंदीच्या घोषणा देणं मला जमत नाही. आणि आपल्यातल्या कितीजणी मिश्री लावतात, तेही मनातल्या मनात मोजा.

घरोघरी पोलीस पाठवा, असं मी म्हणत नाही. पण नवऱ्याची मारहाणही एके काळी 'घरातली बाब'च होती. तिच्यासाठी १९८३ मध्ये ४९८-अ आलं, २००५ मध्ये कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला. बायकांनी उंबऱ्याबाहेर येऊन बोलायला सुरुवात केली, म्हणून आलं.

आमच्या गटाने ठरवलं, एकटीने सांगायचं नाही. चौघींनी मिळून चौघींच्या घरी जायचं. तीन नवरे कुरकुरत का होईना, ओट्यावर जाऊन ओढू लागले. चौथ्याने बायकोलाच बाहेर काढलं. दोन दिवस ती माझ्याकडे होती. परवा तिच्या घरी आमची तिसरी खेप झाली. या वेळी त्याने निदान आम्हाला आत बसू दिलं.