जिंझू नदीकाठची माती
(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



हवेतील धूर डोळ्यांना झोंबतो, पाणी बिघडले की वास येतो. माती मात्र विष पोटात घेऊन पुष्कळदा गप्प बसते आणि वर पीक हिरवेगार दिसते. हे बोलणे मोघम वाटू नये म्हणून आज मी आपणांस एकाच नदीच्या काठी नेणार आहे.

जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदी वाहते. तिच्या वरच्या खोऱ्यात कामिओका येथे जस्त व शिसे यांची मोठी खाण होती. जस्ताच्या खनिजात थोडे कॅडमियम असतेच. ते सांडपाण्यातून नदीत, नदीतून पाटाने भातखाचरांत आणि तेथून तांदळात उतरत गेले. काठच्या गावांतील, विशेषतः अनेक बाळंतपणे झालेल्या प्रौढ स्त्रियांना असह्य अस्थिवेदना जडू लागल्या. नुसत्या खोकल्याने बरगडी मोडे. 'इताइ, इताइ', म्हणजे 'दुखते, दुखते', असे त्या कण्हत. रोगालाही तेच नाव पडले.

युद्धाहून १९४६ साली परतलेले तेथील डॉक्टर नोबोरू हागिनो यांच्याकडे हे रुग्ण येत. अपुरे अन्न आणि अतिश्रम हीच कारणे आरंभी पुढे आली. गरीब बाईचे दुखणे गरिबीच्या माथी मारणे कोठेही सोपे जाते. पुढे हागिनो यांनी रुग्णांची घरे नकाशावर मांडली. ती सारी जिंझूचे पाणी पिणाऱ्या शिवारातच पडली. शेजारच्या नद्यांवरील गावे सुटली होती. १९५७ साली त्यांनी खाणीच्या सांडपाण्याकडे बोट दाखविले. कृषिशास्त्रज्ञ किनइची योशिओका व रसायनतज्ज्ञ जुन कोबायाशी यांची जोड मिळाली आणि १९६१ साली कॅडमियमचे नाव जाहीरपणे घेतले गेले. सरकारने ते मान्य केले ८ मे १९६८ रोजी.

कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि त्यातील निम्मे तेथून निघण्यासच दहा ते तीस वर्षे लागतात. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका निकामी झाल्या की स्फुरद व चुना लघवीवाटे निघून जातात आणि हाडे मऊ पडतात. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. शरीरात लोह कमी असेल तर आतडे कॅडमियम अधिक शोषते. म्हणजे कुपोषणाचा तर्क अगदीच पोकळ नव्हता, पण तेवढ्यावर थांबणे घातक ठरले. आपल्याकडील स्त्रियांतील रक्तक्षयाचे प्रमाण पाहता हे ध्यानी ठेवणे बरे.

नदी वाहते, म्हणून काही काळाने निवळते. जमिनीचे तसे नाही. जिंझूकाठची दूषित माती खाली गाडून, तिच्यावर कठीण थर दाबून, वर स्वच्छ माती पसरावी लागली. सुमारे ८६० हेक्टरांचे हे काम १९७९ च्या सुमारास सुरू झाले आणि २०१२ साली संपले. खर्च आला सुमारे चार हजार कोटी येन.

आपल्या शिवाराकडे वळू. स्फुरदयुक्त खतांच्या मूळ खडकात थोडे कॅडमियम असते. कारखान्याच्या नाल्याचे पाणी वा शहरी मैल्याचा गाळ शेतात आला तर भर पडते. आम्लधर्मी जमिनीत ते पिकास अधिक सहज मिळते, म्हणून कोकणातील जांभ्या मातीची काळजी अधिक. भात फुलोऱ्यावर असता खाचरात पाणी ठेवले तर कॅडमियम गंधकाशी बांधलेले राहते; पण त्याच पाण्याखाली, मातीत असल्यास, आर्सेनिक सुटते. एका उपायाने सर्व साधत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेत बारा बाबी तपासल्या जातात. त्यांत जस्त व तांबे आहेत, पण कॅडमियम, शिसे, पारा व आर्सेनिक नाहीत. तेव्हा पत्रिका चांगली आली म्हणून नाल्याकाठच्या शेतकऱ्याने निर्धास्त राहू नये. ग्रामसभेने अशा जमिनीची वेगळी तपासणी मागावी आणि गुरुजींनी मुलांकडून हागिनो यांच्यासारखा नकाशा करवून घ्यावा: नाला कोठून येतो, कोणत्या विहिरीजवळून जातो, कोणत्या खाचरात शिरतो.

जिंझूकाठच्या लोकांनी १९६८ साली दावा लावला. १९७१ साली आणि अपिलात १९७२ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. भरपाईइतकाच आग्रह त्यांनी दुसऱ्या एका गोष्टीचा धरला आणि ती करारात लिहून घेतली: रहिवाशांनी आपले शास्त्रज्ञ बरोबर घेऊन कारखान्यात शिरावे, पाहणी करावी आणि खर्च कंपनीने सोसावा. कामिओका येथील खाणकाम २००१ साली थांबले. धातुशुद्धीचे काम चालू राहिले आणि दरवर्षीची ती पाहणीही.