दोन गल्ल्या आतली खानावळ

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीला लागलेला माणूस. रस्त्यांची मापं घेणं आणि बिलं तयार करणं हे माझं काम. कार्यवाह म्हणाले, ‘आरोग्यावर चार शब्द बोला.’ आरोग्यावर डॉक्टरांनी बोलावं. मी एका खानावळीबद्दल बोलणार आहे.

कामासाठी आठवड्यातून तीन दिवस मी बेळगावहून निपाणीला जातो. सुमारे ७५ किलोमीटरचा प्रवास. सहा वर्षं माझं दुपारचं जेवण हायवेवरच व्हायचं. पुरी-भाजी, भजी आणि वर दोन गोड चहा. गेल्या वर्षी तपासणीत साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, मैदा आणि तळलेलं कमी करा, भाकरी-पालेभाजी खा. मी मनात म्हटलं, फिरतीवरच्या माणसाला भाकरी कोण थापून देणार?

ऑफिसातले एक वयस्कर सहकारी म्हणाले, ‘दोन गल्ल्या आत चला की ओ साहेब.’ गेलो आणि वरमलो. त्या खानावळीसमोर मी सहा वर्षं मोटरसायकल लावत होतो! पाटी फक्त कन्नडमध्ये होती. मला कन्नड वाचता येतं, नोकरीच त्यावर आहे. तरी ‘हे आपलं नव्हे’ असं मनाशी ठरवून मी पुढे जात होतो. आणि त्या पाटीवर लिहिलं काय होतं? ‘खानावळि’. शब्द आपलाच!

आत चार बाकं. चुलीपाशी सासू-सून मराठीत बोलत होत्या, गल्ल्यावरचा मुलगा गिऱ्हाइकांशी कन्नडमध्ये. ताटात शाळूची भाकरी, भरली वांगी, अंबाडीची भाजी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. शेजारच्यानं ‘रोट्टी’ मागितली, मी ‘भाकरी’ मागितली. आमची अंबाडी म्हणजे त्याची पुंडी, आमची खपली गव्हाची खीर म्हणजे त्याची हुग्गी. तवा मात्र एकच. आपण ज्याला तूप म्हणतो आणि थोरल्या बहिणीला ज्या नावानं हाक मारतो, ते ‘तूप’ आणि ‘अक्का’ हे शब्दही कन्नडकडूनच आलेले.

त्या सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात. निपाणी तंबाखूची पेठ. अक्काही पूर्वी विड्या वळायच्या. खोकला सुटेना म्हणून ते काम सोडलं आणि चार डब्यांवर हा व्यवसाय सुरू केला.

बिल देताना माझ्या तोंडून निघून गेलं, ‘भाकरीच्या ताटाला सत्तर रुपये?’ हायवेवर दीडशे देताना मी कधी हूं की चूं केलं नव्हतं. अक्का शांतपणे म्हणाल्या, ‘तुमच्या घरी कोण थापतंय ओ साहेब?’

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री मी स्वतः परात घेऊन बसलो. पहिली भाकरी परातीलाच चिकटली, दुसरी तव्यावर टाकताना तुटली. बायको हसली, पण हसताना तिच्या डोळ्यांत काही वेगळंच होतं. वीस वर्षं ती नोकरीला जाण्याआधी हे करत होती आणि मी कधी चुलीकडे वळून पाहिलं नव्हतं.

पुढच्या खेपेला अक्कांना विचारलं. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, हे मला ठाऊक होतं. त्याचा अर्थ त्यांनी हातानं दाखवला. कढत पाण्यात पीठ भिजवायचं, तळव्यानं रगडून मळायचं. पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी चिरते. म्हणून त्यांचं दळण एक दिवसाआड असतं. शिळं पीठ इथं लपवता येत नाही. ते थापतानाच उघडं पडतं.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. मोठ्या हॉटेलांत ज्वारी-बाजरी ‘मिलेट’ होऊन दिमाखात आली. अक्कांना हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘होय काय? मग ज्वारी स्वस्त झाली काय?’

माझी गोळी चालूच आहे. भाकरीनं आजार जातो असं मी म्हणणार नाही. पण दुपारनंतर डोळ्यांवर येणारी झापड गेली आहे, आणि घरी रविवारच्या भाकरी आता मी थापतो. गोल होत नाहीत, पण तुटतही नाहीत.

मंडळींनो, गौरी घरी येते त्या दिवशी आपण तिला भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवतो. देवीला चालतं ते पाहुण्यांसमोर ठेवायला आपल्याला कमीपणा वाटतो, आणि ते थापणाऱ्या बाईला दहा रुपये जास्त द्यायला हात आखडतो. म्हणून माझी एकच सूचना आहे. यंदा त्या दिवशी कार्यकर्त्यांचं जेवण आपल्याच भागातल्या अशा एखाद्या खानावळीतून मागवूया. पाटी कुठल्या भाषेत आहे ते न बघता, आणि घासाघीस न करता.

गणपती बाप्पा मोरया!